उलटी ठेवलेली पाणथरी

मिनियापोलिस,
शनिवार, ९ ऑक्टोबर १९२६

चि. आर्विद यास सिग्नेचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा मोतीबिंदू वाढलाय आणि आता पेपरातला मोठा मथळासुद्धा दिसत नाही हे वाचून वाईट वाटलं. त्यातून ते डॉक्टरकडे जायला तयार नाहीत म्हणतोस. मग निदान तू तरी माझी पत्रं नीट वाचून दाखवत जा, काही न गाळता. गेल्या खेपेला मी लिहिलेला निम्मा मजकूर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, असं तुझ्याच उत्तरावरून कळलं.

इकडे माझं बरं चाललंय. साप्ताहिकात मला आता हवामानाचं पान टाइप करायला देतात. धान्याचे व्यापारी बाकी काही वाचोत न वाचोत, ते पान आधी उघडतात. या महिन्याचा अंदाज असा, की उत्तरेकडच्या सगळ्या मैदानांत शरदाची अखेर मवाळ जाईल, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगपर्यंत कुरणं उघडी राहतील आणि बर्फ पडलंच तर नावापुरतं. हे बाबांना मुद्दाम वाचून दाखव. ते फुरफुरतील, ते मला इथे ऐकू येईल.

कचेरीतल्या मुलींना मी सांगितलं, की आमच्याकडे डुक्कर कापलं की त्याची पाणथरी, म्हणजे पोटातली ती जिभेसारखी लांबट प्लीहा, टेबलावर ठेवतात. तिचे सहा भाग पाडायचे, डोक्याकडचा नोव्हेंबर आणि शेपटाकडचा एप्रिल. जिथे जाड तो महिना कडक. माझे वडील ती बघून सांगतात आणि पंचक्रोशीतली गुरं त्यांच्या शब्दावर हलतात. मुली हसून लोटपोट झाल्या. मी पण हसले, मग दिवसभर चुटपुट लागून राहिली.

(पुढचा मजकूर तुझ्यापुरता. कडेला पेन्सिलीची रेघ मारली आहे, नेहमीसारखं गाळून वाच.) दोन वर्षं झाली, माझं साप्ताहिक चुकतं आणि बाबांची पाणथरी बरोबर येते. मग ते तुझ्याकडून चार चार पानं लिहून घेतात, की शहरात जाऊन पोरीने काय दिवे लावले. शहरात आल्यापासून आठ वर्षांत मला त्यांनी एकदाही शाबास म्हटलेलं नाही. या वर्षी तू एक कर. डुक्कर तूच फाडणार आहेस, त्यांना दिसत नाही. पाणथरी डोक्याकडे जाड निघाली तर फिरवून शेपटाकडून ठेव. एकदाच माझं आणि त्यांचं एकमत होऊ दे. ख्रिसमसला मी आले की आपण सांगून टाकू, आणि ते मला लाटणं घेऊन धावले तरी चालेल.

शेजारच्या थूरेला आणि त्याच्या धाकट्या भावाला, लार्सला, नमस्कार. लार्सची बायको बेर्टा कशी आहे? जूनमध्ये लग्नात बघितली तेव्हा फार बुजरी वाटली. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
सिग्ने

---

लुंडबी, नॉर्थ डाकोटा,
रविवार, २४ ऑक्टोबर १९२६

ती. सिग्नेताईस आर्विदचा सा. न. वि. वि.

काल डुक्कर कापलं. चांगलं थोराड होतं, पहिल्या घावाला पडेना. मला वर बसून धरावं लागलं आणि कोपरापर्यंत लाल झालो. बेर्टाने रक्त परातीत धरलं, एक थेंब सांडू दिला नाही. तू तिला बुजरी म्हणतेस. रक्ताची सॉसेज करताना तिने थूरेला स्वयंपाकघरातून अक्षरशः हाकललं, म्हणाली की मीठ घालायचं असेल तर स्वतःच्या घरी घाल.

तुझं काम केलं. पाणथरी डोक्याकडेच जाड निघाली. त्या टोकाला चरबीची पट्टी चिकटलेली असते, बाबा बोटांनी तीच आधी शोधतात. ती मी कापून कुत्र्याला टाकली आणि पाणथरी फिरवून टेबलावर ठेवली. नेहमीची मंडळी भोवती होती. थूरे, लार्स, बेर्टा आणि वरच्या दोन घरचे. बाबांनी बोटं फिरवली, थांबले, परत पहिल्यापासून फिरवली. थूरे म्हणाला की नील्सकाका, डुक्कर मेलंय, त्याला गुदगुल्या करून काय उपयोग. सगळे हसले. मग बाबा म्हणाले की नोव्हेंबर मवाळ, डिसेंबर बरा, खरा तडाखा मार्चनंतर.

त्यावर थूरेने तिथल्या तिथे ठरवलं, की गुरं नदीकाठच्या कुरणातच ठेवायची, थँक्सगिव्हिंगनंतर आणायची. गवत अजून गुडघाभर आहे, घरचा चारा तेवढा वाचेल. लार्स तिथल्या खोपटात राहील. आमची चाळीस गुरंही त्याच कळपात आहेत, त्यामुळे मी पण मान डोलावली. चौदा मैलांवर एकटा राहायचं म्हणून लार्सचं तोंड जरा उतरलं, पण नव्या नवऱ्याला चिडवायची संधी कोण सोडतो? सगळ्यांनी मिळून त्याला पुरता बेजार केला.

मंडळी गेल्यावर मी बाबांना सांगणारच होतो. पण ते शेगडीपाशी बसून एकटेच हसत होते. म्हणाले की सिग्नेला लिही, पोरगी आता कामाची झाली, कागदावरून तिला कळायला लागलं. ताई, त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मी बरोबर लिहितो की नाही बघायला. मग मला बोलवेना. मिळाली तुला शाबासकी, घे.

वारा आत शिरू नये म्हणून घराच्या कडेने खोक्यांत माती भरून थंडीची बेगमी करतोय. दुसरं विशेष नाही. लोभ ठेवशीलच, न ठेवून जाशील कुठे.

तुझा,
आर्विद

---

मिनियापोलिस,
बुधवार, ३ नोव्हेंबर १९२६

चि. आर्विद यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग बाबांच्या त्या वाक्यापाशी येऊन रडले. पण तू इतका गाढव असशील असं वाटलं नव्हतं. मी गंमत म्हणून लिहिलं होतं. फिरवायची तर फिरवायची, पण थूरे गुरं ठेवायचं म्हणाला तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस!

साप्ताहिकाचा अंदाज अजून तोच आहे. मात्र काल कॅनडातून आलेल्या तारा मी टाइप केल्या. तिकडे वर थंडी साचत चालली आहे आणि संपादक म्हणतात ती तिथेच राहील. राहीलही. मला पाणथरीचं काही वाटत नाही, मांसाच्या तुकड्याला काय कळतंय? पण लार्स तिथे बाबांच्या शब्दावर बसलाय आणि तो शब्द आपण फिरवलाय.

पत्र मिळताच बाबांना सांग. ते मारतील, मार खा. त्यांना सांगायचा धीर नसेल तर घोड्यावर बसून थूरेला सांग, पण सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल. रेघ मारलेली नाही, हे सगळं मोठ्याने वाचलंस तरी हरकत नाही. जिवाला जप.

तुझी ताई,
सिग्ने

---

लुंडबी,
शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९२६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं तीन तारखेचं पत्र मला सोळाला मिळालं. टपाल आठ दिवस बंद होतं. अक्षर वाईट आहे, डाव्या हाताने लिहितोय.

लार्स गेला.

आठ तारखेला, सोमवारी, सकाळी पाऊस होता. इतकं उबदार होतं की मी नुसत्या शर्टावर गोठ्याचं छप्पर ठोकत होतो. दुपारी वारा वायव्येला फिरला. फिरला म्हणजे गोठ्याचं दार बिजागरीसकट उखडून अंगणाच्या पलीकडे गेलं. भिजलेला शर्ट अंगावर फळीसारखा कडक झाला. मग बर्फ आलं, पिठासारखं बारीक, डोळ्यांत, नाकात, दातांत. घरापासून गोठ्यापर्यंत मी दोरी बांधली आणि तीन दिवस त्या दोरीला धरून गेलो आलो. बाबा दारात बसून होते. पहिल्या दिवशी ते म्हणत राहिले की हे होणार नव्हतं.

गुरुवारी उघडलं तेव्हा थूरे आणि मी घोड्यांवरून निघालो. कुरणाच्या आग्नेय कोपऱ्यात, जिथे दोन्ही कुंपणं मिळतात, तिथे वाऱ्याने सगळा कळप रेटून नेला होता. एकावर एक चढली होती. खालची चिरडून गुदमरली होती. वरच्यांच्या डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर बर्फाच्या ढेपा. काही अजून उभी होती, आंधळी, पाय गोठून फुटलेले, हंबरायला तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही. आम्ही गोळ्या घालायला लागलो. हातमोजे काढल्याशिवाय काडतुसं भरता येईनात, म्हणून मी काढले. काडतुसं संपली तेव्हा थूरेने कुऱ्हाड घेतली. मी एका गाईला तीन घाव घातले तरी ती मरेना. ताई, ती आपल्याच घरची होती, तांबडी. तिने माझ्याकडे मान वळवली.

लार्स तिथेच होता, तीस पावलांवर. हातात पक्कड. चारपैकी तीन तारा त्याने कापल्या होत्या. गुरांना वाट करून देत होता. चौथी कापली असती तर निम्मी तरी पार झाली असती, तोही त्यांच्या आडोशाने निभावला असता. पक्कड त्याच्या हातातून निघाली नाही. थूरेने खूप ओढली, मग आरडाओरडा करून माझ्या अंगावर आला आणि मग बर्फात बसला.

रविवारी पुरला. दफनभूमीतून थूरे तडक आमच्या घरी आला. बाबा शेगडीपाशी होते. त्याने त्यांना गळपट्टीला धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. मग गुद्दे. त्यांचे दोन दात पडले, बरगडी मोडली, ती मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी शेगडीचा गज थूरेच्या खांद्यात घातला. त्याने मला टेबलावरून पलीकडे फेकलं. वरच्या घरचे दोघे दारात उभे होते, त्यांचीही गुरं गेली आहेत, ते हलले नाहीत. आणि बाबा रक्त थुंकत म्हणाले की आर्विद, मध्ये पडू नकोस, मारू दे त्याला, मीच सांगितलं होतं.

त्यावर मी गप्प बसलो. ताई, मी गप्प बसलो.

शेवटी बेर्टा आली आणि थूरेचा हात धरून त्याला घेऊन गेली. संध्याकाळी कुणीतरी आमच्या दोन्ही खिडक्यांवर दगड घातले. तिथे आता पोती लावली आहेत. बाबा जेवत नाहीत. आंधळा म्हातारा आपल्यामुळे एक माणूस मेला असं धरून बसलाय, आणि मी त्याच्यासमोर बसून सूप पितो. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली आहेत. बुधवारी मला गावच्या इस्पितळात नेणार आहेत, पंधरा दिवस ठेवतील. जायच्या आधी सांगू का? काय करू ते लिही. तू म्हणशील ते करीन.

आर्विद

---

मिनियापोलिस,
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९२६

चि. आर्विद यास आशीर्वाद.

कडेची रेघ बघ. हे पत्र वरपासून खालपर्यंत गाळायचं आहे. वाचून झालं की शेगडीत टाक.

कुणाला काही सांगू नकोस. मी रात्रभर विचार करून लिहिते आहे, तू निघायच्या आत पोचावं म्हणून आजच्याच टपालात टाकते. थूरेने नुसत्या चुकीसाठी बाबांची बरगडी मोडली. मुद्दाम केलेल्या खोडीसाठी तो तुझं काय करील? तो तुला जिवंत सोडणार नाही, आणि दारात उभे राहिलेले ते दोघे त्याला कंदील धरतील. बाबा म्हातारे आहेत. लोक त्यांच्यावरचा राग वर्षभरात विसरतील, डोळे गेले होते म्हणतील. तुला तिथे अजून पन्नास वर्षं काढायची आहेत.

आणि आपण काय केलं शेवटी? पाणथरी फिरवली म्हणून वादळ आलं नाही. साप्ताहिकानेही तेच सांगितलं होतं, हजारो लोकांना सांगितलं होतं, त्यांच्या संपादकाला कुणी भिंतीवर आपटत नाही. लार्स तुझ्या बोलण्याने परत येणार आहे का? बेर्टा तरुण आहे. लग्नाला सहा महिनेही झाले नाहीत, मूलबाळ नाही. सावरेल, दुसरं लग्न करील. तिला आता सगळं सांगून काय मिळणार? तिच्या डोक्याला कायमचा ताप.

माझं पहिलं पत्र शोध आणि जाळ. मी ते लिहिलं नाही आणि तुला मिळालं नाही. बोटांची काळजी घे. बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं जेवा.

सिग्ने

---

लुंडबी,
बुधवार, १ डिसेंबर १९२६

सिग्नेताईस बेर्टाचा नमस्कार.

क्षेम विचारत नाही. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर चुकलं.

आर्विद इस्पितळात गेल्यापासून नील्सकाकांचा स्वयंपाक मी करते. थूरेला आवडत नाही, मी ऐकत नाही. लार्स गेल्यावर सगळ्यांनी मला धीर धर म्हणून सांगितलं. एकटे नील्सकाका काही न सांगता रडले, म्हणून मी इथे येते. शनिवारी तुमचं पत्र आलं. ते म्हणाले की आर्विद नाही, तू वाच, पोरीने काय लिहिलंय बघू. दोन आठवड्यांत पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले.

कडेला पेन्सिलीची रेघ होती. मला वाटलं टेबलावर काहीतरी घासलं असेल. मी वाचताना पुढचं बघत नाही, शाळेत त्यावरून बोलणी खायची. गाळायचं आहे, जाळायचं आहे, हे सगळं मी वाचत गेले. अर्थ कळायला वेळ लागला. जीभ आधी गेली, डोकं मागून आलं. पाणथरी फिरवली हे मी वाचलं. लार्सचं नाव मी वाचलं. बेर्टा तरुण आहे, दुसरं लग्न करील, हेही मीच वाचलं, मोठ्याने, नील्सकाकांना ऐकू जावं म्हणून.

ते म्हणाले की परत वाच. मी परत वाचलं. मग ते टेबलावर बोटं फिरवायला लागले, तिथे काही नव्हतं तरी. म्हणाले की चरबीची पट्टी लागली नाही तेव्हा मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, कारण पोरीशी जुळत होतं. मग म्हणाले की बेर्टा, भिंतीवरची बंदूक काढ आणि इथून घेऊन जा. आर्विद दारातून आत येईल तेव्हा माझे हात काय करतील ते मला सांगता येत नाही.

मला त्यांची भीती वाटली नाही. मला माझी वाटली. ती बंदूक खांद्यावर घेऊन मी घरी चालत गेले आणि वाटेत दोनदा वाटलं की आधी गावच्या इस्पितळात जावं. नाही गेले. थूरेच्या हातीही दिली नाही. माझ्या पलंगाखाली आहे. थूरेला अजून काही माहीत नाही. काल त्याने परत एकदा बाहेर शिव्या देत नील्सकाकांच्या दारावर लाथा घातल्या आणि ते आतून, माझ्यादेखत, सगळं ठाऊक असून, म्हणाले की होय, माझीच चूक. मला ते सहन झालं नाही. तुम्हाला झालं असतं का ते मला माहीत नाही.

एक गोष्ट तुम्ही कुणालाच विचारली नाही. त्या दिवशी डुक्कर कापल्यावर घरी जाताना लार्स म्हणाला होता, की मी नाही राहत तिकडे, मन घेत नाही, थूरेला सांगून टाकतो. मी म्हणाले की राहा, नील्सकाका कधी चुकत नाहीत, आणि लोक हसतील तुला. असं मी म्हणाले. हे मी रविवारी चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आर्विदला शुक्रवारी, दहा तारखेला, सोडतील. आदल्या दिवशीची, गुरुवारची गाडी सकाळी साडेअकराला इथे येते. तुम्ही त्या गाडीने या आणि थूरेसमोर बसून तुमचं ते पत्र वाचा. तुम्ही नाही आलात तर मी वाचीन, पण मी वाचलं तर थूरेला धरायला मी उठणार नाही. पत्र माझ्याजवळ आहे, जाळलेलं नाही. माझा तुमच्यावर लोभ नाही आणि तुमचा मला नको.

बेर्टा

---

मिनियापोलिस,
शनिवार, ४ डिसेंबर १९२६

बेर्टा हीस सिग्नेचा नमस्कार.

पत्र आज मिळालं. गुरुवारच्या गाडीने येते. नोकरीचा राजीनामा दिला आहे, त्यामुळे परतायची घाई नाही.

थूरेला बाबांच्या घरी बोलावून ठेव. वरच्या घरच्या दोघांनाही बोलाव, ते तेव्हाही होते. बाबांना माझ्या शेजारी बसव, माझ्यापासून लांब नको. मारायचं असेल तर त्यांचा हात पोचला पाहिजे. आर्विदच्या आधी मला विचारा, कारण त्याला सांगणारी मी. त्याने पुढे जे केलं ते त्याचं तो सांगेल.

तुझ्याजवळ आहे ते माझं शेवटचं पत्र. खरं वाचायला हवं ते पहिलं, ऑक्टोबरातलं, ज्यात मी पाणथरी फिरवायला लिहिलं होतं. ते आर्विदच्या ट्रंकेत असेल तर काढून ठेव. त्याने जाळलं असेल तरी अडणार नाही. मला पाठ आहे.

सिग्ने